टेन्शनरमध्ये राहिलेली तार

इंजिनाचं कव्हर निघालं आणि मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं.

टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर आत दबलेलाच होता. बसवताना तो दाबून पिनेने अडकवतात आणि शेवटी पिन ओढून काढतात. ती निघालीच नव्हती. नवीकोरी चेन ढिली राहिली, दात चुकले, व्हॉल्व्ह वाकले आणि भर पुलावर गाडी बंद पडली. मागून ट्रक आदळला. गाडीच्या मालकीण शिक्षिका होत्या. त्यांचा पाय वाचेल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

"माझीच चूक. लिहून घ्या," मिस्त्री म्हणाला.

विमा कंपनीच्या तपासनीस बाई कव्हरची कड न्याहाळत होत्या. कडेला फट बुजवणारं काळं सीलंट होतं. खाचेत मात्र करड्या सीलंटचा पापुद्रा उरला होता.

"तुम्ही कोणतं लावता?"

"करडं. कायम."

"पिन कशी होती?"

"टेन्शनरबरोबर येते ती, कडीवाली. काढल्यासारखी वाटते... पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

बाईंनी चिमट्याने पिन ओढली. कडी नव्हती. तो सायकलच्या स्पोकचा तुकडा होता.

"काम झाल्यावर गाडी कुठे होती?"

"इथेच, गॅरेजमध्ये. सीलंट वाळायला ठेवून घरी गेलो. सकाळी सुटे भाग आणायला बाहेरगावी जावं लागलं. आलो तोवर बाबांनी गाडी देऊनही टाकली होती. मी सुरू करूनसुद्धा पाहिली नाही हो!"

"किल्ली आणखी कुणाकडे?"

"बाबांकडे. आणि मेव्हण्याकडे."

शेजारी टायर विकणाऱ्या मेव्हण्याचा या जागेवर डोळा होता. तो दारातूनच करवादला, "माझ्याकडे काय बघता? मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही."

बाई आत वळल्या. मिस्त्रीचे वडील बाकावर पाठमोरे बसून पाना पुसत होते.

"काळं सीलंट कुणाचं?"

पुसणं चालूच राहिलं. बाईंनी समोर जाऊन तेच विचारलं. म्हाताऱ्याने त्यांच्या ओठांकडे पाहिलं.

"माझं. जुनी सवय."

बाई मिस्त्रीकडे वळल्या. "कव्हर तुमच्यानंतर पुन्हा उघडलं गेलं. टेन्शनर पुन्हा दाबला, म्हणून स्पोक लागली. मेव्हण्याला ते जमलं नसतं. ढिली चेन इंजिन सुरू होताच खडखडते. तरीही गाडी दिली गेली. ज्याने उघडलं त्याला काम येत होतं, पण ऐकू येत नव्हतं."

"बाबा?"

म्हाताऱ्याने पाना खाली ठेवला. "तुझ्या हातावर विश्वास नव्हता. चेन उतरवून खुणा तपासल्या. सगळं चोख. माझ्यापेक्षाही चोख. ते मनाला लागलं. तिरीमिरीत कव्हर लावून टाकलं."

"मी इतके दिवस स्वतःला खातोय. तुम्ही समोर बसून बघत होतात?"

"धीर झाला नाही रे." म्हाताऱ्याने पाना पुन्हा उचलला. "गाडी नेताना त्या बाई इंजिनाकडे बोट करून काहीतरी म्हणाल्या. ऐकू येत नाही हे सांगायची लाज वाटली. मी मान डोलावली. म्हटलं, ठीक आहे, न्या."

मिस्त्रीने हात पुसले, मोटरसायकल बाहेर काढली.

"बसा. दवाखान्यात जायचंय. त्यांना तुम्ही स्वतः सांगायचं. मी खाली जिन्यापाशी थांबेन."