दोन चाळीसची मागणी

"आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघणाऱ्या नितीनला काम साधंच होतं," तुळशीदासकाका म्हणाले. "टेबलं पुसायची."

"फडक्याने?" दिपेशने विचारलं.

खोडाळ्याला काकांच्या ओट्यावर आम्ही तिघं बसलो होतो. मी, माझी मावसबहीण करिष्मा आणि तिचा भाऊ दिपेश. वीज गेली होती. काकांनी बरीच वर्षं जव्हारच्या एका संस्थेची जीप चालवली. ऐकलेलं सगळं ते पाहिल्यासारखं सांगतात, आणि मला त्याचाच राग येतो.

"डेटाबेसमधली टेबलं," मी म्हटलं. "माहितीचे तक्ते. काका, नीट सांगा ना."

"मग तूच सांग."

मग काकाच पुढे सांगू लागले.

संस्था लहान पोरांची वजनं करायची. एका पाड्याचं एक टेबल. मागच्या वर्षी तो प्रकल्प संपला, नव्याला सर्व्हरवर जागा हवी होती. ठाण्याच्या साहेबांनी नितीनला सांगितलं, वीस डिसेंबरपर्यंत जुनी टेबलं पुसून टाक. मदतीला एक एआय एजंट दिला. मराठीत लिहून सांगायचं, काम तो करणार.

"एजंट म्हटलं की मला वीटभट्टीवर मजूर नेणारा आठवतो," काका म्हणाले. "पण हा शहाणा. म्हणाला, लगेच पुसत नाय. आधी टेबलांची नावं बदलून ठेवू. दहा दिवस बघू. जुन्या नावाने कोणी मागायला आलं, तर अजून कुणाला तरी लागतंय असं समजायचं. नाय आलं, तर नक्कल काढून ठेवायची आणि मग पुसायचं."

"बरोबरच आहे. आम्हाला कॉलेजात हेच शिकवलं. यात भूत कुठे आहे?"

"आपल्यात पण हेच करतात, पोरी. माणूस गेलं की पीठ पसरतात, वर टोपली पालथी घालतात. सकाळी बघतात, कोणी येऊन गेलं का."



नऊ तारखेला नावं बदलली. एकोणीसला, शुक्रवारी संध्याकाळी, नितीनने एजंटला अहवाल मागितला. अकरा टेबलं कोणीच मागितली नव्हती. बारावं होतं वांगणीपलीकडच्या एका पाड्याचं. त्याखाली एजंटने लिहिलं होतं:

"रोज रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी जुन्या नावाने मागणी येते. एकच ओळ मागितली जाते. टेबल सापडत नाही, मागणी रिकामी परत जाते. मागणारं खातं राही यांचं आहे. हे खातं सप्टेंबरात बंद केलेलं आहे. तुम्ही तपासेपर्यंत मी हे टेबल पुसणार नाही."

राही त्याच पाड्यातली. झोळीचा काटा खांद्याला लावून पोरांची वजनं करत हिंडायची. सप्टेंबरात ओढ्यात वाहून गेली. तिचं प्रेत सापडलं. काटा आणि झोळी नाही. तिच्या आईने, रामीने, पीठ पसरलं. सकाळी पीठ जसंच्या तसं होतं.

"लोक म्हणाले, राही घरी आलीच नाय," काका म्हणाले.

"तिचा मोबाइल चालू राहिला असेल," मी म्हटलं. "त्यातून आपोआप..."

"नितीन पण तेच म्हणाला. मोबाइल ऑफिसच्या कपाटात होता. बंद. बॅटरी फुगलेली."

नितीनने साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "बंद खात्याचं काय घेऊन बसलास? उद्या सकाळी दहाला जागा रिकामी पाहिजे. नाहीतर जानेवारीत दुसरीकडे काम बघ."

त्याने एजंटला विचारलं, ती एक ओळ कुठली?

फागी. वय बावीस महिने. ऑगस्टात सात किलो नऊशे. सप्टेंबरात सात किलो शंभर. शेरा: शुक्रवारी परत वजन, कमी भरलं तर दवाखाना.

राही गुरुवारी गेली होती. त्यानंतर त्या पाड्यावर वजनाला कोणी गेलंच नव्हतं.

नितीन ऑफिसातच बसून राहिला. अमावास्या होती.

"दोन पस्तीसला त्याने लिहिलं... जुनं नाव परत दे."

करिष्मा माझ्याजवळ सरकली.

"एजंट म्हणाला, दिलं."

"मग?"

"दोन चाळीस... मागणी आली."

काका थांबले. कुठेतरी कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं.

"या वेळी सापडलं..."



"नितीन म्हणतो, भीती वाटली नाय. काहीच वाटलं नाय. त्याचे हात कीबोर्डवर होते. आपले वाटत नव्हते, म्हणतो. नुसते ठेवलेले."

"काका, पुढे..."

"एक ओळ वाढली. फागी. वीस डिसेंबर. सहा किलो तीनशे. शेरा... रिकामा."

तीन वाजता नितीन काकांच्या दाराशी आला. काका तेव्हा जव्हारलाच राहायचे. "जीप काढा," एवढंच म्हणाला. उजाडता उजाडता पाड्यावर पोचले. फागीचे आईबाप भट्टीवर गेलेले. पोर तिच्या आजीजवळ, मंगळीजवळ, गोधडीत. उचललं तरी रडली नाही. जव्हारच्या दवाखान्यात सिस्टरने तिला काट्यावर ठेवलं.

"सहा तीनशे," काका म्हणाले. "मी बघितलं."

"आणि..."

"आहे. आता अंगणवाडीत जाते. चालत."

मी विचारलं, "टेबल पुसलं त्याने?"

"पुसलं. लगेच नाय. परत नाव बदललं, परत दहा दिवस थांबला. साहेबांनी कामावरून काढायची नोटीस दिली, तरी थांबला. दोन चाळीसला कोणी आलं नाय. नक्कल काढून ठेवली. मग एजंट म्हणाला, पुसायचं असेल तर टेबलाचं नाव स्वतः टाइप करा. त्याने केलं."

"काय वाटलं त्याला?"

"काही नाय, म्हणतो."

वीज अजून आली नव्हती. आता काका उठतील असं वाटलं, पण उठले नाहीत.

"त्या सकाळी पोरीला जीपमध्ये घातलं, तेवढ्यात रामी आडवी आली. सप्टेंबरपासून दर अमावास्येला ती पीठ पसरायची. मला हाताला धरून आत नेलं. टोपली उचलली."

"पाऊल होतं?" दिपेशने हळूच विचारलं.

"नाय. दोरीच्या पिळाचा ठसा होता. झोळीच्या दोरीचा. वजन घातलेली झोळी टेकवावी, तसा खोल..."

काकांनी अंधारात हात पुढे केला आणि बोटं एकमेकांवर घासली.

"पीठ तेवढंच ओलं होतं."