पडद्यानं घेतलेली हजेरी

वर्गाच्या भिंतीवरचा, टीव्हीसारखा शिकवायचा पडदा एकाएकी काळा झाला आणि आतून कुणीतरी घोगऱ्या आवाजात हजेरी घेऊ लागलं.

"मल्हार कोंडीबा शेलार, ऊठ. घरी जा. प्रीती मिलिंद कांबळे, ऊठ. घरी जा. दादू, ऊठ. हितं थांबलास तर मरशील."

पोरांनी धूम ठोकली. चपलासुद्धा मागंच राहिल्या. शाळा तपासायला आलेल्या केंद्रप्रमुख स्वप्नाताईंना दरदरून घाम फुटला. पडद्यात भूत बोलतं ही तक्रार ऐकून त्या मेढ्याहून डोंगर चढून आल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर येताना हसत होत्या. आता कुठलं हसू!

"असं परत परत होतंय," वर्धमान सर म्हणाले. सांगलीकडून बदलून आलेले, शाळेवर एकटेच. हातातला खडू त्यांनी भीतीनं मोडला होता. "पोरं यायची थांबली तर शाळा बंद होणार, ताई. मग ही चिमुरडी गव्यांच्या रानातून खालच्या गावाला जाणार."

"पडद्याला मोबाईल कुणाकुणाचा जोडलाय?"

"माझा. पडदा बसवणाऱ्या भाऊसोचा. आणि शाळेच्या भिंतीला लागून राहणाऱ्या अंजनाताईंचा, सुरुवातीला पडदा त्याच लावायच्या. आधी त्याच मानधनावर पोरांना शिकवायच्या. पडद्यावरून साताऱ्याच्या बाई शिकवायला लागल्या, तसं वरून कळवलं, आता अंजनाताईंची गरज नाही."

"लांबून चालतो?"

"न्हाई," कोपऱ्यात वायरी तपासत बसलेला भाऊसो म्हणाला. "भिंतीलगत असलं तरच. पर म्या न्हाई हां ताई! मी रहिमतपूरचा. पडद्यात भरलेल्या यादीतली नावं तेवढी ठावं हायत मला."

कर नाही त्याला डर कशाला म्हणतात, पण इथं डर सगळ्यांनाच होती.

अंजनाताईंना बोलावलं. त्या पदर सावरत आल्या.

"आवाज ऐकलात?"

"ऐकला की. लय भ्या वाटलं. आमचा दादू आल्या आल्या हातरुणात शिरलाय, अंग नुसतं तापलंय. माझ्या थोरल्या दिराचं पोर त्ये."

"शाळेत नाव काय त्याचं?"

अंजनाताईंनी मान वळवली. "सर, तुमीच सांगा की."

"राजाराम," सर म्हणाले. "आजोबांचं नाव ठेवलंय."

स्वप्नाताईंनी ती हजेरी मनात पुन्हा आठवली. मग त्यांची भीती हळूहळू उतरली आणि तिच्या जागी राग आला.

"अंजनाताई, त्याला एकदा राजाराम म्हणून हाक मारा."

अंजनाताईंनी पदर तोंडाला लावला.

"नाही ना निघत? त्या आवाजानं बाकी पोरांना हजेरीतल्या पूर्ण नावानं हाक मारली. एकट्या राजारामला घरच्या नावानं. सर त्याला राजाराम म्हणतात. भाऊसोच्या यादीत दादू नाहीच. मग राहिलं कोण? त्याचे आजोबा म्हणजे तुमचे सासरे. मोबाईलवर आवाज बदललात, पण सासऱ्याचं नाव काही तोंडातून निघालं नाही. भुताला हो कशाला सासऱ्याचा मान?"

अंजनाताई मटकन खाली बसल्या.

"पडदा काढून न्हेत्याल वाटलं. मंग पोरं परत माझ्याकडं येत्याल. लय जीव हाय वो माझा त्यांच्यावर."

"आणि त्यांनाच मरणाची भीती घातलीत? पडदा भिंतीवर तसाच आहे, बाई. वर्ग तेवढा ओस पडला."

"पोलिसात द्या मला."

"पोलीस आले म्हणून पोरं शाळेत येतील? आम्ही सांगून कुणी ऐकायचं नाही. घरोघर जा, स्वतःच्या तोंडानं सांगा. आधी दादूला."

"त्यो माझ्याच कुशीत निजतो, ताई. आता जवळ तरी यील का?"

अंजनाताई उठल्या, घरापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यावर थबकल्या. आतून पोरगं रडत ओरडलं, "काकू, लवकर ये! दार लाव, त्यो आवाज आत यील!"

दार उघडंच ठेवून अंजनाताई आत गेल्या.