मेणाचं विरजण

पसरणी घाटात, जुलैच्या धुक्यात, चाकं लावलेल्या स्कीवर एक मुलगी चढते आहे. मागून आलेला एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून विचारतो, "ताई, बर्फ कुठं सांडलंय?"

मार्चमध्ये बर्फाचा ढीग करून त्यावर दीड फूट लाकडाचा भुसा पसरला, तर बरंचसं बर्फ नोव्हेंबरपर्यंत टिकतं.

शेजारणीकडून विरजण आणलेली वाटी परत करताना रिकामी द्यायची नाही.

तीन सेकंद.

काही रेणूंच्या साखळ्या, आपल्याला कसं दाबलं गेलं, ते विसरत नाहीत.

*

"माझा डबा कुठंय?" वनजा शेलारने तिसऱ्यांदा विचारलं.

डॉ. खांबेटे स्कींना मेण लावायच्या मेणशाळेच्या टेबलाखालून डोकं न काढता म्हणाले, "शोधतोय."

लाहौलमधल्या स्की केंद्रात उद्या हंगामाची पहिली शर्यत होती. बर्फ मार्चमधलं, भुशाखालून काढलेलं. अंतर दहा किलोमीटर. जिंकेल तिला फिनलंडच्या मालिकेतली एकमेव जागा. गेल्या वर्षी ती जागा यांगझोमने वनजाकडून तीन सेकंदांनी नेली होती. वनजा वाईची, यांगझोम याच खोऱ्यातली. तीन हंगाम एका खोलीत राहून यांगझोम उत्तम मराठी शिकली होती, टोमण्यांत तर विशेषच.

"नवं मेण लावा ना तिच्या स्कीला," डॉ. उज्ज्वला टिपरे म्हणाल्या. त्या गतितज्ज्ञ, केंद्रात कालच रुजू झालेल्या.

"कोरं?" खांबेटे एकदाचे बाहेर आले. "उज्ज्वलाबाई, मेणाकडून आपल्याला दोन उलट्या गोष्टी हव्या असतात. पाय रेटताना त्याने बर्फ धरायचं, घसरताना सोडायचं. साधं मेण दोन्ही अर्धवट करतं. हे स्मृतिमेण पाऊल शिकतं. दाब किती वेळाने येतो, किती टिकतो, हे साखळ्यांत साठतं. मग पाय पडायच्या क्षणभर आधीच ते चिकट होऊन बसतं."

"शिकायला किती दिवस?"

"दोन महिने. रोजच्या सरावानंतर स्कीवरची खरवड परत डब्यात. शर्यतीसाठी त्यातली चमचाभर ताज्या मेणात घालायची आणि आठ तास उबेला ठेवायचं. सगळं मेण तेच पाऊल शिकतं."

"म्हणजे दही लावल्यासारखं."

"माझ्या आईकडूनच सुचलं ते. आणि आता विरजणच सापडत नाही."

टिपऱ्यांनी वहीत आकडे मांडले. "कोऱ्या मेणाने दहा किलोमीटरला दोन मिनिटं जादा जातील. दुसऱ्या कुणाचं पाऊल असेल तर चाळीस सेकंद."

खांबेट्यांनी वनजाकडे पाहिलं. वनजाने छताकडे पाहिलं.

"नाही काका. तिच्याकडं अजिबात मागायचं नाही."

"मी वाटी घेऊन निघालो," खांबेटे म्हणाले.

यांगझोम स्वतःच डबा आणि विरजणाला आपली वाटी घेऊन आली. "अगं, माझ्याच पावलावर पाऊल टाकून ये. चाळीस सेकंद मागं ये, पण ये."

"का देतेयस?"

"तू दोन मिनिटं मागं राहिलीस तर मला जिंकल्याची मजा कशी येणार?"

वनजाला हसू आलं. हसू आल्याचा रागही आला. "एकच चमचा घेईन."

"दोन घे. चढ मोठा आहे."

डब्यावर यांगझोमचं नाव होतं. आत कुणाचं पाऊल आहे, हे यंत्रावर वाचायला चार तास लागले असते. नाव लिहिलेलं असताना कोण वाचत बसतो?

*

किलोमीटर एक. यांगझोम तीस सेकंद आधी सुटली होती. वनजाने ठरवलं होतं, मेण तिचं तर चालही तिची. छोटी, भरभर पावलं. पहिल्या चढावर स्की मागे सटकली. पुन्हा सटकली.

किलोमीटर दोन. तेच. वळणावर टिपरे ओरडल्या, "वेळेत चौदा सेकंद मागे!"

किलोमीटर तीन. "मरू दे!" असं ती मोठ्याने म्हणाली आणि आपल्या मूळच्या चालीवर आली. लांब टांग, किंचित थांबा, लांब टांग. डावीकडचं देवदाराचं झाड मागे गेलं. मग दुसरं. खालून कुणी पायरी धरल्यासारखी स्की थांबत होती आणि सोडल्यासारखी सुटत होती. मेणाला सगळं आधीच माहीत होतं. वनजा चढ चढताना हसत होती, आणि दहा किलोमीटरच्या शर्यतीत हसायला लागणारा श्वास फार महाग असतो.

किलोमीटर नऊ. शेवटचा चढ. समोर यांगझोम, हात पसरला तर पाठीला लागेल इतकी जवळ. यांगझोम आतापर्यंत लांब टांगा टाकत होती; आता दमली आणि तिची पावलं आपोआप छोटी झाली. छोटी झाली तशी ती घसरली. एकदा, दोनदा, तीनदा.

"डावीकडून येतेय गं!"

"ये, चोरटे!"

किलोमीटर दहा. वनजा पहिली. सुटतानाचे तीस धरून यांगझोम एकतीस सेकंदांनी दुसरी.

*

दुपारी खांबेट्यांनी यांगझोमच्या डब्यातली खरवड यंत्रात घातली. चार तासांनी पडद्यावर पावलाचा आलेख उमटला. टिपऱ्यांनी तो वनजाच्या गेल्या वर्षीच्या आलेखावर ठेवला. दोन्ही रेषा एक झाल्या.

"डबे बदलले?" टिपऱ्यांनी विचारलं.

"नाही," यांगझोम म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मागच्या वर्षी तीन सेकंदांनीच जिंकले होते. वाटलं, शेवटच्या चढावर हिची टांग माझ्याकडं असती तर. मग दोन महिने हिच्यासारखीच चालले. व्हिडिओ लावून."

"आणि मेण तेच शिकलं," खांबेटे हळूच म्हणाले. "त्याला नाव वाचता येत नाही. दमल्यावर तू तुझ्या पावलावर आलीस आणि त्याला ते ओळखूच आलं नाही."

मग वनजा खुर्चीवरून अक्षरशः खाली घसरली. हसून हसून तिला बोलता येईना.

"काय झालं?"

"मी तीन सेकंदांनी हरले होते ना! जुलैपासून घाटात तुझी छोटी पावलं. नंतर दोन महिने सरावाला फिनलंडच्या बर्फबोगद्यात तुझी छोटी पावलं!"

यांगझोम पुढे झुकली. "म्हणजे तुझ्या डब्यात..."

"तू आहेस. सगळीच्या सगळी."

टिपऱ्यांनी वहीत हिशेब केला आणि चष्मा काढला. "तो डबा काल सापडला असता, तर आज तूही शेवटच्या चढावर घसरली असतीस."

"तो शोधा हो काका," वनजा डोळे पुसत म्हणाली. "डिसेंबरात दुसरी शर्यत आहे. जिंकेल तिला मालिकेच्या उत्तरार्धाची जागा आहे." मग तिने यांगझोमची वाटी उचलली. तिच्या तळाशी चिमूटभर साखर घातली आणि पुढे केली. "रिकामी देत नाहीत आमच्याकडं."

"मेणात साखर?"

"मेणात नाही, येडे. तुझ्या तोंडात."

यांगझोमने साखर तोंडात टाकली. "डिसेंबरात बघतेच तुला."

"बघ. या वेळी स्वतःचीच चाल."

"तुझी चाल कोण घेणार आता? ती मागून कशी दिसते, ते माहीत आहे मला."

डिसेंबरच्या शर्यतीत यांगझोम नऊ सेकंदांनी जिंकली. विरजण वनजाच्या डब्यातलं होतं.

पहिल्या शर्यतीच्या चार दिवस आधी, मंगळवारी सकाळी, खांबेट्यांनी तो डबा स्वतःच्या हाताने केंद्राच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये, दह्याच्या पातेल्यामागे विरजण म्हणून ठेवला होता आणि ते साफ विसरले होते.