तोंड सांगेल तेवढंच

सोमवारी साइकाल तिसऱ्या मजल्यावर पोहोचली तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत, अगदी थर्मासच्या झाकणावरसुद्धा पॉपलरच्या झाडांचा कापूस चिकटलेला होता. जून महिन्यात बिश्केकमध्ये त्यातून कुणाचीच सुटका नसते. जुन्या छापखान्याच्या त्या इमारतीत खिडक्या उघडल्या तर कापूस आत यायचा, लावल्या तर जीव गुदमरायचा. त्यामुळे दिवसभर कुणीतरी उठून खिडकी उघडत होतं आणि कुणीतरी चिडून ती लावत होतं.

चौतीस वर्षांची साइकाल बारा वर्षं शिवणकारखान्यात मशीनवर बसली होती. मनगट कामातून गेलं, तेव्हा तिने प्रोग्रामिंगच्या या वर्गाला अर्ज केला. वर्ग सहा महिन्यांचा, पण पहिला आठवडा चाळणीचा. चाळीसजणांतून शनिवारी वीस उरणार होते. उरलेल्यांना होस्टेलमध्ये खोली मिळणार होती आणि ज्या बायकांना मुलं आहेत त्यांना ती सोबत ठेवता येणार होती. साइकालला बाकी कशाचंच आकर्षण नव्हतं. तिची नऊ वर्षांची जिबेक दोन वर्षं आजीकडे कोचकोर गावी होती. मागच्या खेपेला साइकाल गेली, तेव्हा जिबेकने तिला पाहुण्यांच्या पियालीत चहा दिला होता. ते तिला फार लागलं होतं.

निघताना ती मुलीला म्हणाली होती, "शनिवारी निकाल लागला की फोन करते. तोवर नाही हं. तुझा आवाज ऐकला की माझं कशात लक्ष लागत नाही."

वर्गाचा नियम एर्किन अगायनी, म्हणजे शिकवणाऱ्या सरांनी, पहिल्याच तासाला सांगितला. काम जोडीने करायचं. एक तोंड, एक हात. तोंडाने सांगायचं, हाताने टाइप करायचं. अर्ध्या तासाने घंटा झाली की अदलाबदल.

"आणि हाताला डोकं नसतं," अगाय म्हणाले. "तोंड चुकतंय असं दिसलं तरी चूकच टाइप करायची. तोंड गप्प, तर हातही गप्प. स्वतःच्या डोक्याने एक ओळ जरी टाकलीत तरी जोडी बाद. शनिवारची परीक्षा तोंडाची आहे, हात अनोळखी माणसाचा असेल."

तिच्या वाट्याला एल्दियार आला. तो तिला पहिल्यापासून एजे, म्हणजे ताई, म्हणायला लागला. बावीस वर्षांचा, सतत पाय हलवणारा, बोलण्यात पटाईत.

"एजे, तुम्ही काळजी करू नका. माझी थोरली बहीण मला जन्मभर हेच करायला लावतेय. ती तोंड, मी हात."

"मग माझं काम सोपं झालं," साइकाल हसली. दुपारी समोशासारखे गरम साम्सा खाताना तिने त्याला जिबेकबद्दल सांगितलं. नाव नाही सांगितलं का? सांगितलं असावं. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

मंगळवारी ती अडकली. बसचं वेळापत्रक लावून देणारा छोटा प्रोग्राम होता, आणि ती तोंड होती. तिसऱ्या पायरीला तिच्या डोक्यात अंधार झाला. ती पडद्याकडे बघत मूग गिळून बसली. घंटेला वीस मिनिटं होती.

एल्दियारची बोटं चालूच होती.

आधी तिला वाटलं, मागचं काही राहिलं असेल ते तो पुरं करतोय. मग नवी ओळ उमटली. मग आणखी एक. प्रोग्राम चालला, सगळ्या बसेस रांगेत लागल्या.

बाहेर जिन्यात तिने त्याला गाठलं. "एल्दियार, पुन्हा असं करायचं नाही. कुणी पाहिलं तर दोघंही घरी जाऊ."

"असं म्हणजे कसं?"

"माझ्यासाठी लिहिलंस ते."

त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एजे, मी एक अक्षर माझ्या डोक्याचं टाकलेलं नाही. तुम्ही सांगत होतात ते लिहिलं."

तो चिडलेला दिसला. पोरगा मनाने चांगला आहे, उपकार कबूल करायला लाजतोय, असं समजून तिने विषय सोडला. रात्री मैत्रिणीच्या घरी जमिनीवरच्या गादीवर तिला नीट झोप लागली नाही.

बुधवारी ती मुद्दाम भरभर बोलत राहिली, गप्प राहायचंच नाही म्हणून. तरी मध्ये श्वास घ्यायला, पाणी प्यायला थांबावं लागतंच. तेवढ्या फटीत ओळी उमटायच्या. दुपारी अगाय मागे येऊन उभे राहिले आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

"ही पद्धत आपण चौथ्या महिन्यात शिकवतो. कुठे शिकलात?"

"एजेनं सांगितलं," एल्दियार म्हणाला.

अगायनी तिच्याकडे पाहून मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. साइकालने घाईने नजर पडद्याकडे वळवली. पण खरं सांगायचं तर तिच्या भीतीखाली थोडा आनंदही होता. बारा वर्षांत तिच्या कामाकडे पाहून कुणी मान डोलावली नव्हती.

तिच्या एक गोष्ट उशिरा लक्षात आली. ती एल्दियारच्या डाव्या हाताला बसायची. ऐकताना तो मान मात्र उजवीकडे कलती करायचा. उजवीकडे भिंत होती.

गुरुवारी तिने ठरवून परीक्षा घेतली. थर्मासमधून चहा ओतला, मोठा घोट तोंडात घेतला आणि गिळलाच नाही. गाल फुगवून, ओठ घट्ट मिटून ती बसून राहिली. खिडकी कुणीतरी उघडली होती. कापसाचा एक पुंजका टेबलावर येऊन सरकत होता.

एल्दियार टाइप करत होता. मध्येच थांबला, भिंतीकडे कलला, हसला.

"जरा हळू, एजे."

चहा तोंडात कोमट झाला.

"आणि इतक्या कानाशी येऊन का बोलता? गुदगुल्या होतात."

तिने चहा गिळला. घशातून आवाज झाला तसं त्याने डावीकडे वळून पाहिलं, आणि क्षणभर त्याचा चेहरा कोरा झाला. मग त्याने परत भिंतीकडे पाहिलं.

शुक्रवारी सकाळी एल्दियार दाराशीच उभा होता. डोळे तांबारलेले.

"मी अगायना दुसरी जोडी मागितलीय."

"का?"

"काल मी घरी जातानाही तुम्ही बोलत होतात."

"मी तर चार वाजताच गेले, एल्दियार."

"माहीत आहे. मी तुम्हाला बसमध्ये चढताना पाहिलं." तो पाय हलवत नव्हता. हे त्याच्या बाबतीत तिने पहिल्यांदाच पाहिलं. "आणि कामाचं सोडून दुसरंच विचारत होतात."

"काय विचारलं?"

"तुमच्या मुलीचं नाव." त्याने तिच्याकडे पाहायचं टाळलं. "स्वतःच्या मुलीचं नाव तुम्ही मला का विचाराल, एजे?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"सवय झालीय ना हो. तोंड म्हणेल ते करायचं." तो हळूच म्हणाला, "सांगितलं. आजीच्या गावाचंही."

तेव्हाच अगायकडे जायला हवं होतं. साइकाल त्यांच्या दारापर्यंत गेलीसुद्धा. पण काय सांगणार? माझ्या गप्प बसण्यातून कुणीतरी बोलतं म्हणून? त्यांनी वहीतलं तिचं नाव तिथल्या तिथे खोडलं असतं. दारावरच्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं, मिटलेलं. ती परत फिरली. तिने स्वतःशी पक्कं ठरवलं, शनिवारी एक क्षणही गप्प राहायचं नाही, जे येतं तेवढंच सांगायचं.

परीक्षेला हात म्हणून आल्योना नावाची मुलगी आली. चष्मा, लहान नखं. साइकालने बोलायला सुरुवात केली आणि बोलतच राहिली. येत नव्हतं तिथे चुकीचं बोलली, चुकीचं टाइप झालं, तिने ते पुसायला सांगितलं, पुन्हा सांगितलं. घसा कोरडा पडला. पण सगळं तिचं होतं. अर्ध्याहून जास्त काम तिने स्वतः केलं.

मग ती अडली.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं उरली होती. समोरच्या टेबलावर कुणीतरी काम संपवून खुर्ची मागे सरकवली. साइकालला होस्टेलची खोली दिसली, दोन खाटांची. पाहुण्यांची पियाली दिसली.

काही ना काही बोलत राहणं तिच्या हातात होतं. आकडे म्हटले असते, स्वतःचं नाव म्हटलं असतं, तरी चाललं असतं.

तिने तोंड मिटलं.

आल्योनाने मान उजवीकडे कलती केली. तिची बोटं चालू लागली. साइकालने डोळेही मिटून घेतले आणि फक्त कीबोर्डचा आवाज ऐकत राहिली.

बारा वाजता यादी लागली. तिचं नाव चौथं होतं. एल्दियारचं नव्हतं, तो सकाळपासून आलाच नव्हता. अगायनी तिचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. "असं नेमकं सांगणारं तोंड मी फार कमी पाहिलंय," ते म्हणाले.

ती खाली अंगणात आली. पॉपलरखाली कापसाचा थर साचला होता. तिने आईचा नंबर लावला. तिसऱ्या घंटेला जिबेकने उचलला.

"हॅलो, आई?"

आठवडाभर साठवलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. ती रडू आवरत उभी राहिली.

"हो?" जिबेक म्हणाली. "खरंच? चौथा नंबर?"

साइकालने फोन कानाशी घट्ट धरला.

"आजी बाहेर गेलीय, गाईकडे. हो. मी एकटीच आहे. थांब, पेन्सिल घेते."

"जिबेक," साइकाल म्हणाली. "जिबेक, मी आई बोलतेय. कुणाचं ऐकतेस तू?"

"हं, सांग," मुलगी म्हणाली, आणि सावकाश, शाळेत लिहून घेतात तसं, एकेक शब्द मोठ्याने म्हणत तिने पत्ता उतरवून घेतला. गल्लीचं नाव, घराचा नंबर, मजला. त्या नावाची गल्ली साइकालने बिश्केकमध्ये कधी ऐकली नव्हती.

"जिबेक! नको, बाळा! जिबेक!" ती ओरडत होती. अंगणातली माणसं वळून बघत होती.

पलीकडे पेन्सिल थांबली.

"कळलं. आजीला नाही सांगत," जिबेक म्हणाली. "आई, तू आज किती छान हळू बोलतेस."