लोकरीच्या कोकरांचे डोळे

"आधी कोकरांना ऊन दाखवायचं, मग तळ्यावर," लोलेन म्हणाली.

"सुट्टीतसुद्धा हिचे हुकूम," शालिक कुरकुरला, पण पाटी त्यानेच उचलली.

ही कोकरं लोकरीची होती. लोलेनच्या आईने सगळी थंडी बसून तीस कोकरं केली होती, एकासारखं दुसरं नाही. आजच्याच गाडीने ती सान क्रिस्तोबाल शहरात, डोन्या एलोइसाबाईंच्या दुकानात जायची होती. हौशी लोक असलं एखादं कोकरू जपून ठेवायला म्हणून घेतात, आणि घरात रांगतं पोर असलं की ते शेवटी पोराच्या तोंडात जातं. आई आठवडाभर आजारी मावशीकडे गेली होती. तोवर कोकरं मान्वेलकाकाच्या माळ्यावर होती. मान्वेलकाका म्हणजे शालिकचा बाप.

अंगणात धुकं अजून पाइनच्या झाडांमधून खाली उतरत होतं. ऊन त्यातून गाळून आल्यासारखं पडत होतं आणि सगळा डोंगर अर्धवट झोपेत होता. लोलेनच्या धाकट्या बहिणीने, पाश्कूने, निचिमला आणलं. निचिम ही त्यांची म्हातारी मेंढी, आणि कोकरांची बहुतेक लोकर तिचीच. आपल्या लोकरीचं काही दिसलं की ती त्यावर हनुवटी टेकून उभी राहायची. आज तिने हुंगलं, फडफडून शिंकली आणि पाठ फिरवली.

"सर्दी झाली म्हातारीला," शालिक म्हणाला.

"तिला काही झालेलं नाही. तू वास घे," पाश्कू म्हणाली.

लोकर, चुलीचा धूर, लोकर धुवायची साबणाची मुळी, यातला एकही वास नव्हता. शहरातलं बंद कपाट उघडल्यासारखा उग्र भपकारा आला. लोलेनने कोकरू उजेडात धरलं. आई काळ्या दोऱ्याने डोळे भरते, इथे मात्र काचेचे मणी चमकत होते. तिने नख लावलं तर मणी हातातच आला. खाली डिंकाचा थर, आणि त्याखाली दबलेला आईचा टाका. पोटात काहीतरी टणक लागत होतं. तिने दोन टाके उसवले, तर लोकरीतून पांढऱ्या गोळ्या घरंगळल्या.

"डांबरगोळ्या," शालिक हळूच म्हणाला. "बाबांनी बाजारातून पुडा आणला होता."

आमच्या चामुला गावात मेंढरांचं सगळं बायका बघतात, चारण्यापासून कातरण्यापर्यंत. पुरुषांना लोकरीतलं ओ की ठो कळत नाही, आणि विचारायचीही सोय नसते, कारण विचारलं की अख्खा पाडा महिनाभर हसतो.

"कसर लागलेली दिसली मला, म्हणून घातल्या," लोलेनने गोळी दाखवल्यावर मान्वेलकाका कोकरांचं पोतं बांधत म्हणाला. "आणि मणी किती झकास दिसतात बघ."

"काका, बाळांनी तोंडात घातलं तर? हे विष आहे."

"कपाटात बसणार आहेत ती. बाळं कुठून आली मध्येच? जा, खेळा."

रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला. पोती मागच्या फळीवर चढली. लोलेन गाडीमागे धावली. ही गाडी गेली की कुठलं कोकरू कुणाच्या घरी गेलं, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

"पाश्कू," ती कुजबुजली, "मीठ आहे?"

पाश्कूच्या मुठीत मीठ कायमच असायचं. ती निचिमला मिठाच्या वासावर गाडीत घेऊन गेली. म्हातारी मीठ चाटत पोत्यांवर चढली, दोनदा फिरली आणि पाय दुमडून बसली.

"उठव तिला," काका ओरडला.

"तुम्हीच उठवा ना," पाश्कू गोडपणे म्हणाली.

आता कुंपणापाशी बायका जमल्या होत्या. आमच्यात मेंढीला कुणी मारत नाही, ओढत नाही, ती घरातलंच माणूस. काकाने हात पुढे केला, बायकांकडे पाहिलं आणि मागे घेतला.

"बसू दे की," गाडीवाला लुकाश हसत म्हणाला. "यातलंच एक मान्वेलने काल माझ्या पोरीला दिलं. रात्रभर सोडलं नाही तिने."

लोलेनने त्याच्यासमोर तळहात उघडला. त्यावर मणी आणि गोळी होती. "लुकाशदादा, तिला दात आलेत?"

"दोन."

"मग पळा."

तो मक्याच्या शेतातून पळत सुटला. धुकं पुन्हा रस्त्यावर आलं, गाडी त्यात अर्धी बुडाली, आणि निचिमच्या रवंथाचा तेवढा आवाज येत राहिला. काकाचा चेहरा पांढरा पडला होता. लोलेनला वाटलं, आपण सगळे स्वप्नात उभे आहोत आणि कुणीतरी आता हाक मारून उठवावं.

मक्याची पानं सळसळली. लुकाश पोरीला कडेवर घेऊन आला. कोकराचा एक डोळा गेलेला होता. तो पोरीच्या ओल्या मुठीत सापडला. पोटाचे टाके चघळलेले होते, पण सुटले नव्हते.

काका मटकन खाली बसला. "बायकांना काय विचारायचं, म्हणून..."

"विचारलं असतंत तर हसलो असतो," लोलेन म्हणाली. "पण मग सांगितलंही असतं."

गाडी रिकामीच गेली. सगळ्या कोकरांची पोटं उसवली, आतलं भरण टाकून दिलं. वरची लोकरीची कातडी गार पाण्यात साबणाच्या मुळीने धुतली, न पिळता सावलीत आडवी ठेवली आणि चार दिवस वारा दिला. काका बायकांमध्ये बसून नव्या भरणाची लोकर विंचरायला शिकला, आणि बायका पोटभर हसल्या. "पोरांनी अब्रू राखली," तो येणाऱ्याजाणाऱ्याला आपणहून सांगत होता. मणी आणि डिंक काढून लोलेन नव्याने डोळे भरत होती. प्रत्येक डोळ्याचा दोरा ती आतून तीनदा फिरवून गाठ मारायची. तळं राहूनच गेलं.

पाचव्या दिवशी आई आली. वाटेतच तिला सगळं कळलं होतं. तिने एक कोकरू उचललं, डोळा दातांत धरला आणि हिरड्या शिवशिवणारं बाळ ओढतं तसा ओढला. मग दुसरा. मग दुसरं कोकरू, तिसरं. शालिक श्वास रोखून मोजत होता. लोलेन स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

सातव्या कोकरानंतर आईने तोंड पुसलं.

"बाकीची नाही बघत," ती म्हणाली. "तू केलीयेस ना."