तिसऱ्या टेपेचा लाल दिवा

बसा पावणं. कागद देतो की. त्याच्यासाठीच मुंबईस्नं आलाय, ठावं हाय मला. पर आधी ऐकायचं, मग कागद. आणि मधी मोबाईल बघितलासा तर कागद टराटरा फाडीन, सांगून ठेवतो.

रागावलोय? व्हय, रागावलोय! आठ दिवस झालं, घास गिळंना झालाय. घरात कुणी च्या घेतासा काय म्हटलं तरी अंगावर धावून जातोय.

तुमच्या कंपनीला 'भट्टी' बँडच्या तिन्ही कॅसेटी नव्यानं काढायच्या हायत. रीमास्टर करून, काळ्या तबकड्यांवर, जाड कव्हरात. काढा की. अडतीस वर्षांमागं ह्या उद्यमनगरातल्या चार पोरांनी गळ्यात गिटारी घालून जो दंगा केला, त्यो कोल्हापूर अजून इसरलं न्हाय. तिन्ही कॅसेटी ह्याच खोलीत झाल्या. मशीनवर मी हुतो, आकाराम. रेकॉर्डिंग सोमवारीच करायचं, कारण गल्लीतली लेथ मशिनं सोमवारी बंद. बाकी दिवशी गाणं कमी आणि खडखडाट जास्त.

गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी मूळ रेकॉर्डिंगच्या टेपा आणायला विजयसिंहाच्या बंगल्यावर गेलतो. विजयसिंह म्हंजे बँडचा गायक. बाकीच्यांतलं दोघं वारलं, एक परदेशात गेला, आता बँड म्हंजे त्योच. त्यानं कपाटातनं तीन डबं काढलं आणि त्यावर तुमचा कागद ठेवला. कुठल्या गाण्यात कुणी काय वाजवलं, ते त्या वेळच्या मशीनवाल्यानं सहीनिशी द्यायचं. विजयसिंहानं आधीच भरून ठेवलंता. चार नावं. तिसऱ्या कॅसेटीपुढं लिवलंतं, 'हलगी – विजयसिंह'.

"हलगी तू वाजीवलीस व्हय रं?" मी इचारलं.

"तवाच्या कव्हरवर तसंच छापलंय की," त्यो हसत म्हणाला. "सही कर गुमान. तुझंबी झाकून ऱ्हाईल."

आणि मी केली. त्याच्या सोफ्यावर बसून, त्याच्याच पेनानं. थू माझ्या जिंदगानीवर.

जुनी टेप ओल धरती, चिकट हुती. तशीच लावली तर थर सोलून निघतो, गाणं गेलं. म्हणून आधी मंद आचेवर आठ तास भाजायची. आमच्याकडं त्याचं यंत्र कुठलं असणार? बचत गटाच्या बनाबाईकडनं मिरच्या वाळवायची पेटी आणली. पहिल्या दोन टेपा भाजल्या तवा खोलीभर नुसता मिरचीचा ठसका. शिंकून शिंकून बेजार झालो.

बुधवारी तिसरी टेप पेटीत घातली. सकाळची वेळ, खाली लेथ चालू. तासाभरानं वास बदलला... मिरची गेली. कातड्याचा वास यायला लागला. पाचटाच्या जाळावर शेकलेल्या कातड्याचा.

हलगी वाजवायच्या आधी शेकत्यात. कातडं ताणतं, मग आवाज खणखणीत निघतो. ती वाजवायला यायचा त्यो गणपती हितंच, खाली दारात, पाचट पेटवून शेकायचा.

गणपती सातापा कांबळे. फौंड्रीत साचं घालणारा मोल्डर हुता. त्याच्या आज्यानं गावकीची हलगी वाजवली. लग्नाला वाजवायची, मयताला वाजवायची, आणि हातावर काय, तर शिळी भाकरी. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म घेतला आणि आज्यानं हलगी टाकली. पुन्हा घरात कुणी हात लावायचा न्हाय, असं ठरलं. ते गणपतीनं मोडलं. आमच्या गाण्याच्या नादानं बापाशी भांडून मोडलं. पर त्याची एक अट हुती.

"गावकीचा म्हणून न्हाय, कलाकार म्हणून वाजवणार. कव्हरवर माझं नाव पूर्ण छापायचं. तसं लिहून द्या, मग लाल दिव्यात वाजवतो. तवर तालीम कितीबी घ्या."

लाल दिवा म्हंजे त्यो, काचेपलीकडच्या खोलीत, दारावर. टेप फिरायला लागली की लागायचा.

विजयसिंह मला बाजूला घेऊन म्हणाला, "कव्हरवर हलगीवाला नको. आमच्या घरात काय सांगू? बल्ब काढ."

मी काढला. चोवीस वर्षांचा घोडा हुतो, अक्कल न्हवती असं न्हाय. बँड मोठा हुईल, आपलंबी नाव हुईल, ही हाव हुती.

गणपतीनं हलगी छातीशी धरली, वर बघितलं आणि इचारलं, "आकाराम, लाल दिवा का लागंना?"

"तालीम हाय गा. वाजीव," मी म्हटलं.

टेप फिरत हुती. असं वाजीवलं त्यानं, असं वाजीवलं... मशीनवरचा आवाजाचा काटा बघायचंबी मी इसरलो. दुसऱ्या सोमवारी त्यो आंघोळ करून, नवा सदरा घालून रेकॉर्डिंगला आला. दारातनंच मी त्याला सांगितलं, मुंबईचा माणूस बोलवून घेतलाय, तुझी गरज न्हाय.

त्या गणेशोत्सवात प्रत्येक मंडळापुढं ते गाणं वाजत हुतं. गणपती माझ्या शेजारी हुबा. मान हलवत म्हणाला, "कोण वाजवलंय रं? माझ्यागतच वाजवतोय की." मी मूर्तीकडं बघून हात जोडलं. मग त्योच म्हणाला, "न्हाय गा, माझ्यापरीस बरा हाय." त्यानंतर त्यानं हलगीला हात लावला न्हाय. ऐकलंसा काय? स्वतःचं वाजीवणं ऐकून माणूस म्हणाला, माझ्यापरीस बरा. आठ वर्षांमागं गेला. फौंड्रीच्या धुळीनं छाती पोखरली हुती. मी दवाखान्यात भेटायला गेलतो. तवाबी सांगितलं न्हाय.

तर बुधवारी टेप भाजून झाली, मशीनवर चढवली, चालू केली. पहिल्या गाण्याच्या आधी गणपतीचा आवाज आला. "आकाराम, लाल दिवा का लागंना?"

घाबरलो न्हाय. त्या दिवशी त्यो बोललाच हुता, टेपेवर असणारच. पर दुसऱ्या गाण्याच्या आधी पुन्हा तेच. तिसऱ्याच्याबी. पावणं, त्यो एकदाच बोलला हुता... मला पक्कं आठवतंय. आणि दर गाण्याला आवाज बसत चालला हुता. चौथ्याला खोकला आला. सातव्याला म्हातारा झालता. शेवटच्या गाण्याच्या आधी तर दवाखान्यात ऐकलेला आवाज, एक एक शब्द दम घेऊन...

"आकाराम... लाल दिवा... का लागंना?"

भिंतीतनं मशीनची पिन खसकन ओढली. रीळ थांबलं. खालच्या लेथा चालू असणार, पर मला काय ऐकू यीना. आणि काचेपलीकडं कुणीतरी खोकलं. त्या खोलीला दुसरं दार न्हाय.

मग मला संताप आला. भ्यालो म्हणूनच आला असंल. काचेवर मूठ आपटली आणि वराडलो, "काय पायजे तुला? आं? मी काढला बल्ब! मी फसीवलं तुला! मीच!"

आणि दिवा लागला.

आता लागलाय त्योच. तुमी आल्यापास्न बघताय, बोलला न्हाईसा. त्या होल्डरात बल्ब न्हाय. बल्ब हितं हाय, माझ्या ड्रॉवरात, रुमालात गुंडाळलेला, अडतीस वर्षं झाली. हे बघा. वायरमन आणला, त्यानं वायर तोडली, वर बघितलं आणि हत्यारं टाकून गेला. आठ दिवस रात्रंदिवस जळतोय.

हा घ्या कागद. चार नावं खोडली न्हाईत, वाजवणारं हुतंच ते. विजयसिंहाचं हलगीपुढचं खोडलं. तिथं लिवलंय, 'हलगी – गणपती सातापा कांबळे'. खाली माझी नवी सही. त्याखाली मी काय केलं तेबी लिवलंय. काल विजयसिंहाचा फोन आलता, म्हणाला, "तुझी अब्रू जाईल." जाऊ दे की! हुती कवा? तुमच्या कव्हरवर ते नाव आलं न्हाय, तर मुंबईत येऊन तुमच्या हापिसापुढं बसीन.

चार वाजता त्याची पोरगी येणार हाय, संघप्रिया. नर्स हाय, ड्युटी सुटली की येतो म्हणाली. तिला तिच्या बापाचं वाजीवणं ऐकवायचं हाय. आणि मंडळापुढं त्यो काय म्हणाला, ते सांगायचं हाय. माझ्या तोंडानं सांगणं हुईल का, ठाऊक न्हाय. आठ दिवस आरशापुढं घोकतोय, दोन वाक्यांपुढं जाईना.

कागदावर सही केली की दिवा विझल, असं वाटलंतं मला. विझला न्हाय... आता कळतंय का ते. दिवा लागलाय म्हंजे रेकॉर्डिंग चालू हाय.

हळू बोला, पावणं. उठू नका. नुसतं मशीनकडं बघा. शेवटच्या गाण्याच्या पुढं टेप कोरी हुती, ती फिरतीय न्हवं? काटा माझ्या आवाजावर हलतोय. तुमी आल्यापास्न मी जे बोललो, ते समदं...

मी हात लावला न्हाय. पिन बघा, तिथंच पडलीया, तुमच्या पायापाशी.