दहा मिनिटांत येतो

या, आत या, दार लोटून घ्या. बॅगा भरून झाल्या? पाण्याच्या बाटल्या? झालं तर. उजाडायच्या आत तुम्हाला डोंगरावरच्या पॉइंटवर पोचायचंय, म्हणजे आता झोपायला हवं. पण तुम्ही काही झोपणार नाही, ते तोंडावरच दिसतंय. मग ऐका. भूत असतं की नसतं ते मात्र मला विचारू नका. मी जन्मभर गाड्यांची इंजिनं खोलली, भुतांचा माझा अभ्यास नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझ्या गॅरेजशेजारचा वायरमन. त्याच्या दुकानात आणि माझ्या गॅरेजात एक पत्र्याची भिंत. तो शिंकला की माझ्या हातातला पाना पडायचा, इतकं शेजारपण.

अकरा डिसेंबरची रात्र. गुरुवार होता. पॉइंटच्या कठड्यावर सौरदिवा आहे ना, उद्या दिसेल तुम्हाला, तो बंद पडला होता. शनिवार-रविवारी वर फिरायला येणाऱ्यांची गर्दी, त्याआधी दिवा लागायला हवा, असं नगरपालिकेच्या साहेबांनी वायरमनला दुपारी सांगितलं. साधं काम. नवी बॅटरी, टेस्टर, पक्कड, चिकटपट्टी पिशवीत टाकली आणि निघताना माझ्याकडे आला.

"चल की वर. तेवढीच हवा खाशील."

"अख्खं इंजिन खोलून बसलोय बाबा. आणि तुला कशाला सोबत लागते? तो डोंगर पाठ आहे तुला."

एरवी यावर त्यानं मला दोन शिव्या घातल्या असत्या. त्या दिवशी नुसती मान हलवली आणि गेला.

सोबत का हवी होती ते कळायला आधी त्याच्या मेहुण्याचं सांगायला हवं.

मेहुणा म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. औषधांच्या दुकानात कामाला. अंगानं गुबगुबीत, बोलायला गोड. दर रविवारी दोघं डोंगर चढायचे. वायरमन पुढे, काठीसारखा सरळ, आणि मागे हा धापा टाकत. पाठीवरच्या पिशवीत चार माणसांचं खाणं. मी चिडवायचो, "काय रे, डोंगर बघायला जातोस का जेवायला?" तर म्हणायचा, "काका, डोंगर भाऊजी बघतात. मी भाऊजींना बघतो. पुढे निघून जातात ना ते!"

आदल्या वर्षी असेच दोघं गेले. संध्याकाळी वायरमन एकटाच खाली आला. त्यानं सांगितलं, खिंडीच्या वरच्या वळणावर सपाट खडक आहे तिथे मेहुण्याच्या पोटरीत गोळा आला, म्हणून त्याला खाली जायला सांगून मी एकटाच पॉइंटवर गेलो. पोचला नाही का तो?

नव्हता पोचला. रात्रभर आम्ही बॅटऱ्या घेऊन हिंडलो. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. सकाळी तो कड्याखाली सापडला.

वायरमन सगळ्यांना एकच सांगत राहिला. "मी खाली जा म्हणालो होतो. ऐकलं नाही त्यानं. माझ्या मागे यायला निघाला असणार."

त्याच्या सासूबाईंना ते खरं वाटलं. जावई कशाला खोटं बोलेल? रोज सकाळी त्या लेकाच्या फोटोसमोर उभ्या राहायच्या आणि त्याला रागवायच्या. "एकदा तरी मोठ्यांचं ऐकायचं होतंस रे! काय बिघडलं असतं?" गेलेल्या पोरावर रुसून बसलेली आई मी तेवढी एकच पाहिली. आणि जावई तिथेच खुर्चीत, हातात चहाचा कप, मान खाली.

असो. तर तो दिवा.

वर जायच्या दोन वाटा आहेत. मोठी वाट खिंडीतून, त्या खडकापाशी वळून जाते. दुसरी पायऱ्यांची, उभी, पण जवळची. वर्षभरात वायरमन त्या खडकाकडे फिरकला नव्हता. त्या दिवशीही पायऱ्यांनीच चढला. बॅटरी बदलली, गंजलेल्या तारा कापून नव्या जोडल्या. काम संपता संपता सूर्य बुडाला. दिवा लागला. खाली गावातले दिवेही एकेक लागत होते. आणि दरीतून धुकं वर यायला लागलं.

तो पिशवी आवरत होता, तेवढ्यात मोठ्या वाटेनं एक नवरा-बायको वर आले. तरुण होती, शहरातली. रात्रीचं गाव वरून बघायला आलेली. दिव्याखाली वायरमनला बघून नवरा हसला.

"तुम्हीच वायरमन ना? तुमच्यासाठी निरोप आहे."

"माझ्यासाठी? कोणाचा?"

"खाली वळणावर एक जण बसलेत खडकावर. म्हणाले, वर भाऊजी आहेत माझे, वायरमन आहेत. त्यांना सांगा, घाई करू नका. मी बसलोय."

वायरमनला वाटलं, गावातल्या कोणीतरी टवाळकी केली. त्याला राग आला. म्हणाला, "कसा होता दिसायला?"

"जाडसर. अंधारात नीट दिसलं नाही. पोटरी चोळत होते."

मग ती बाई म्हणाली, अगदी सहज म्हणाली, "तुम्ही त्यांना दहा मिनिटांत येतो म्हणाला होतात ना? सांगत होते ते. किती वेळ झाला हो त्यांना बसून?"

वायरमनच्या हातातली पक्कड खाली पडली.

कारण हे वाक्य, पोरांनो, दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक कड्याखाली सापडला होता.

खाली जा असं तो म्हणालाच नव्हता. सूर्य बुडायला आला होता आणि मेहुण्याचा पाय काही सुटेना. वायरमन वैतागला. म्हणाला, "तू बस इथेच. हलू नकोस. मी दहा मिनिटांत येतो." वर गेला. आकाश असं काही रंगलं होतं की तो बघतच राहिला. मग अंधार पडला, धुकं आलं. परत खडकाकडे जायचं म्हणजे लांबचा फेरा. त्यानं मनाशी ठरवून टाकलं की तो कंटाळून गेला असेल खाली, आणि पायऱ्यांनी उतरून घरी आला.

मेहुणा बसून राहिला. सांगितलं होतं म्हणून. किती वेळ बसला, कधी उठला, हाका मारत कुठे गेला... कोणाला माहीत.

तर ती जोडी थोडा वेळ थांबली. धुकं दाटलं तशी ती निघाली आणि वायरमनच्या सोबतीनं पायऱ्यांनी उतरायला लागली. पाच-पन्नास पायऱ्या उतरला असेल तो. आणि थांबला.

मला नंतर म्हणाला, "मित्रा, भीती तर वाटत होतीच. पण मी पुन्हा त्याच पायऱ्यांनी उतरत होतो रे. दुसऱ्यांदा."

त्या दोघांना म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे." आणि माघारी फिरला. पॉइंट ओलांडून मोठ्या वाटेला लागला.

धुकं भरलं होतं. बॅटरीचा उजेड पुढे जाईना, भिंतीवर पडावा तसा समोरच अडायचा. पायाखालचा खडा घरंगळला तरी दचकायला होत होतं. वारा नाही. किडा नाही. काही नाही.

वळण आलं.

"भाऊजी?"

हाक खालून नाही आली. वरून नाही. अगदी जवळून आली.

वायरमननं बॅटरी विझवली. हो, विझवली. मी विचारलं, अरे उजेड टाकून बघायचंस ना? तर म्हणाला, "तोंड कसं बघणार होतो त्याचं?"

अंधारात हातानं चाचपत तो खडकापाशी गेला.

"...आलात?"

"आलो."

  तो खडकावर टेकला. शेजारी कोणीतरी सरकून जागा दिली. कपडा दगडावर घासल्याचा आवाज... तेवढाच.

वायरमन रडायला लागला. म्हणाला, "मी खोटं सांगितलं रे. तू ऐकलं नाहीस असं सांगितलं. आईंना. सगळ्यांना."



"...आई रागावली?"

वायरमननं बाहीनं डोळे पुसले.

"...अजून रागावलीय?"

"हो."

शेजारी कोणीतरी लांब श्वास सोडला. चढून दमलेलं माणूस सोडतं तसा.

त्याला तिथून पळायचं होतं. गुडघ्यांवर हात ठेवून तो उठायला गेला.

"बसा की भाऊजी. दहाच मिनिटं."

बसला.

थोड्या वेळानं पुन्हा उठायला गेला.

"...दहाच मिनिटं."

पुन्हा.

"...दहाच..."

अशी ती रात्र गेली. आवाजात राग नव्हता. तोच गोड आवाज. रागावला असता तर बरं झालं असतं, असं वायरमन म्हणतो.

इकडे वहिनींनी माझं दार वाजवलं. नवरा परत आला नाही. ती जोडी खाली चहाच्या टपरीवर भेटली, त्यांच्याकडून सगळं कळलं. पण धुक्यात आम्हाला वर सोडायला कोणी तयार होईना. आदल्या वर्षीचं सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. तांबडं फुटताच मी आणि टपरीवाला वर निघालो.

वायरमन खडकावर बसलेला होता. जिवंत. केसांवर, भुवयांवर, अंगावर दव. ओठ निळे पडलेले. मला बघून पहिलं काय बोलला असेल? "उठू का आता?"

आम्ही उठवलं त्याला. टपरीवाल्यानं खांद्याचा आधार दिला. उतरताना त्यानं सगळं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसंच. घरी आलाच नाही तो. ओल्या कपड्यांनी थेट सासूबाईंच्या दारात गेला. वहिनीही धावत तिथेच आल्या. उंबऱ्यात उभा राहून त्यानं कबूल केलं. कुठेही स्वतःची बाजू सावरून घेतली नाही.

मला वाटलं, म्हातारी आता अंगावर जाईल. त्या मागे वळल्या. आत गेल्या, भिंतीवरचा फोटो काढला, मांडीवर घेऊन बसल्या. काचेवरून हात फिरवत राहिल्या.

"ऐकलंस की रे तू," म्हणाल्या. "ऐकलंस. बसून राहिलास माझ्या बाळा."

आम्हाला तिथे उभं राहवेना.

पुढे त्या जावयाशी कधी बोलल्या नाहीत. वहिनी बोलतात, पण कामापुरतं. वायरमन त्यावर तक्रार करत नाही. एवढं तर मी भोगायलाच हवं, म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, माणूस थंडीत रात्रभर बसला, मनाला खात होतं तेच कानात वाजलं. टपरीवाला हेच म्हणतो. मीही म्हटलं असतं. पण टपरीवाला वायरमनला आधार देत पुढे निघाला तेव्हा त्याची पिशवी उचलायला मी खडकापाशी मागे राहिलो होतो. चांगलं उजाडलं होतं. अख्खा खडक दवानं निथळत होता. गवत, पायवाट, पिशवी, सगळं ओलंचिंब. वायरमन बसला होता तेवढी जागा कोरडी. ते ठीकच.

तिच्या डाव्या बाजूला, अगदी लागून, अजून एक जागा कोरडी होती. जरा रुंद.

मी तिच्यावर हात ठेवला...

कोमट होती.